गटाचा मध्यबिंदू आणि 48 तास

जालन्यातला शेतकरी कपाशीच्या शेतात ई-पीक पाहणीचे अ‍ॅप उघडतो, तेव्हा त्याचा फोन निदान चार उपग्रहांचे संदेश टिपत असतो. जीपीएसचे हे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात. संदेश पोचायला लागलेल्या वेळेवरून फोन आपली जागा काढतो. यासाठी इंटरनेट लागत नाही. रेंज नसलेल्या शिवारात हा मोठाच आधार.

या अ‍ॅपमुळे 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सातबाऱ्यावरची पीकनोंद शेतकऱ्याच्या हाती आली. 2022 च्या आवृत्तीतल्या दोन सुधारणा मला फार मोलाच्या वाटतात. पिकाचा फोटो काढताना आपण जमिनीच्या गटाच्या मध्यबिंदूपासून किती दूर आहोत, हे पडद्यावर दिसू लागले. चुकून शेजारच्या गटात उभे असाल तर तिथेच लक्षात येते. आणि चुकलेली नोंद 48 तासांत स्वतःच दुरुस्त करता येऊ लागली. भर उन्हात पडदा धड दिसत नाही, मातीने भरलेल्या बोटाने सोयाबीनऐवजी तूर निवडली जाते. कार्यालयातल्या चाचणीत ही चूक सापडत नाही.

पुढची आवृत्ती आखणाऱ्यांनी ऐन खरिपात जालन्यातल्या बदनापूर-अंबडच्या शेतात उभे राहून, शेतकऱ्याच्याच फोनवर ती वापरून पाहावी.