ऊन अडवायचं ते काचेच्या बाहेर

उन्हाळा लागला की पडद्यांच्या दुकानात आणि सजावटीच्या लेखांत एकच सल्ला फिरू लागतो: जाड, गडद ब्लॅकआउट पडदे लावा, घर थंड राहील. मग पश्चिमेच्या खिडकीला गर्द निळं नाहीतर चॉकलेटी कापड चढतं, आणि खोली तापायची ती तापतेच. ब्लॅकआउट पडदा उजेड अडवतो, हे खरं. पण उष्णतेचं गणित वेगळं आहे. साधी काच उन्हातली बहुतेक ऊर्जा सरळ आत सोडते. गडद कापड ती शोषून तापतं आणि मग स्वतःच उष्णता फेकू लागतं. ती लांब तरंगलांबीच्या अवरक्त किरणांच्या रूपात असते आणि त्या किरणांना काच आरपार जाऊ देत नाही. पडद्यामागची तापलेली हवाही वरच्या फटीतून खोलीत उतरते. थोडक्यात, ऊन काचेच्या आत आलं की कापडाच्या जाडीने फारसं काही साधत नाही.

‘पण पडदा ओढला की बरं वाटतं’ याला उत्तर असं की अंगावर पडणारं थेट ऊन थांबतं, म्हणून बरं वाटतं. आणि तेवढं काम फिकट कापडही करतं. किंबहुना रंगच इथे महत्त्वाचा. काचेकडची बाजू पांढरी असेल तर बरंचसं ऊन उष्णता होण्याआधी, प्रकाशाच्याच रूपात काचेतून परत जातं. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार पांढऱ्या प्लॅस्टिकचं अस्तर असलेला मध्यम रंगाचा पडदा उन्हाची उष्णता 33 टक्क्यांनी घटवतो. खिडकीबाहेर लावलेलं कापडी छत मात्र पश्चिमेच्या खिडकीवर 77 टक्क्यांपर्यंत. आपल्याकडे आकडे थोडे हलतील, क्रम बदलणार नाही. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिअन्सीच्या 2018च्या इको निवास संहितेतही घरात शिरणाऱ्या उष्णतेच्या सूत्रात छज्ज्यासारख्या बाहेरच्या सावलीला जागा आहे, पडद्याला नाही.

छज्जा तर असतोच, असं कुणी म्हणेल. मुंबईत मेच्या मध्याला भरदुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला तेव्हा छोटा छज्जाही पुरतो. पश्चिमेचं चार वाजताचं ऊन मात्र तिरपं येतं आणि छज्ज्याखालून सरळ आत घुसतं. तिथे उभा आडोसाच हवा: बांबूची चिक, वाळ्याचा पडदा, लाकडी झडपा. जुन्या घरांच्या ओसऱ्यांना हे ठाऊक होतं. (वाळ्यावर पाणी शिंपडून मिळणारा गारवा विदर्भाच्या कोरड्या हवेतला, कोकणच्या दमट हवेत पाणी तितकं उडत नाही, तिथे त्याची सावलीच कामाची.) सोसायटी इमारतीच्या दर्शनी बाजूला हात लावू देत नाही, ही अडचण खरी आहे. पण गॅलरीच्या कठड्याच्या आत, काचेच्या दाराबाहेर चिक सोडायला सहसा जागा असते. तेही जमत नसेल तर आहे त्या पडद्याला काचेच्या बाजूने पांढरं अस्तर शिवून घ्यावं. खोलीकडून हवा तो रंग, हवी ती नक्षी ठेवता येते. सजावटीत काहीच उणं पडत नाही. खर्चही नव्या ब्लॅकआउट पडद्यांपेक्षा कमी.

पडद्याने रस्त्याचा आवाज बंद होतो, हेही तितकंच पोकळ: आवाज खिडकीच्या फटींतून येतो, कापड खोलीतला घुमारा तेवढा कमी करतं. उन्हाळ्यात खिडक्या दिवसरात्र बंदच ठेवाव्यात, हा समजही चुकीचा. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की पडदे आणि तावदानं दोन्ही उघडावीत, नाहीतर भिंतींत साठलेली उष्णता निघणार कुठून? आणि ब्लाइंड्सची लोंबती दोरी निरुपद्रवी नसते. तिचा फास बसून लहान मुलांचे जीव गेले आहेत. घरात लहान मूल असेल तर बिनदोरीचेच ब्लाइंड्स घ्यावेत.