माशांमधील पार्श्वरेखा संवेदनसंस्थेची विविधता

माशाच्या कल्ल्यांच्या झाकणामागून शेपटीपर्यंत गेलेली बारीक छिद्रांची रेघ म्हणजे पार्श्वरेखा होय. मत्स्यवर्गीकरणात या रेघेवरील खवल्यांची संख्या महत्त्वाची मानली जाते. रोहूमध्ये ती 40 ते 44, तर महसीरमध्ये सुमारे 22 ते 28 असते. ही गणना ओळखीसाठी उपयुक्त आहे. परंतु रेघ म्हणजेच संपूर्ण संवेदनसंस्था, हा तिच्यामुळे रूढ झालेला समज चुकीचा आहे.

या संस्थेचे मूळ एकक म्हणजे न्यूरोमास्ट, अर्थात केशपेशींचा लहानसा पुंजका. त्यावर जेलीसारखी टोपी असते. पाणी हलले की टोपी कलते, पेशींवरील केश वाकतात आणि संदेश मेंदूकडे जातो. काही न्यूरोमास्ट त्वचेवर उघडे असतात व ते प्रवाहाचा वेग टिपतात. इतर न्यूरोमास्ट नलिकांत असतात. त्यांना लगतच्या दोन छिद्रांमधील दाबाचा फरक, पर्यायाने पाण्याचे त्वरण, जाणवते. वाहत्या पाण्यात उघडे न्यूरोमास्ट सततच्या प्रवाहानेच उद्दीपित राहतात. नलिका मात्र स्थिर प्रवाह वगळते, म्हणून भक्ष्याची सूक्ष्म हालचाल त्यातूनही ओळखता येते.

धडावरील नलिकेची मांडणी जातीगणिक बदलते. रोहूची रेघ अखंड असते. तिलापियात ती तुटून दोन तुकड्यांत विभागते. बाजारात मिळणाऱ्या लेपाच्या डोळे असलेल्या बाजूवर दोन किंवा तीन रेघा दिसतात. तारलीच्या धडावर ती नसतेच, आणि वर्गीकरणाच्या तक्त्यांत ‘पार्श्वरेखा नाही’ एवढीच नोंद असते. प्रत्यक्षात तारलीच्या कुळात डोक्यावरील नलिकांना विपुल फांद्या फुटलेल्या असतात. शिवाय या नलिका, आंतरकर्ण आणि वाताशय यांचा परस्परसंबंध कवटीतील एका विशेष रचनेमुळे साधला जातो. थव्याने पोहणाऱ्या या माशाला संवेदनहीन ठरविणे म्हणजे केवळ धड पाहून निष्कर्ष काढणे होय.

संथ पाण्यात उघडे न्यूरोमास्ट अधिक व वेगवान पाण्यात नलिका विकसित, असा नियम अनेकदा सांगितला जातो. गोल्डफिश त्यात बसतो; त्याच्या अंगावर हजाराहून अधिक उघडे न्यूरोमास्ट असतात. युरोपातील रफ हा मासा मात्र संथ, गढूळ पाण्यातही राहतो आणि त्याच्या डोक्यावरील नलिका असाधारण रुंद असतात. अंधारात तळावरील भक्ष्य शोधण्यास त्या उपयोगी पडतात. तेव्हा अधिवासाइतकाच आहाराचा आणि वंशपरंपरेचाही विचार करावा लागतो. एकाच जातीतही भेद आढळतो: मेक्सिकोतील अॅस्टिअॅनॅक्सच्या गुहावासी, अंध माशांत उघडे न्यूरोमास्ट पृष्ठभागावरील डोळस माशांपेक्षा संख्येने अधिक व आकाराने मोठे असतात.

या भेदांना व्यावहारिक बाजूही आहे. मत्स्यतळ्यांत शैवाल व परजीवी यांच्या नियंत्रणासाठी मोरचूद वापरतात. झेब्राफिशच्या डिंभांचे न्यूरोमास्ट उघडे असतात. पाण्यात विरघळलेल्या तांब्यामुळे त्यांतील केशपेशी मरतात, असे प्रयोगांत दिसले आहे. डिंभ जिवंत राहत असल्याने हे नुकसान सहसा नजरेस येत नाही. केशपेशी पुन्हा निर्माण होऊ शकतात; तथापि तांब्याचे प्रमाण जास्त असल्यास ही पुनर्निर्मितीही बाधित होते.