पाहायला शिकणारा मेंदू

‘डॉक्टर, बाळाला नीट दिसतं ना?’ दीड महिन्याच्या बाळाला लसीसाठी घेऊन आलेली आई, किंवा तिच्यासोबत आलेली आजी, हा प्रश्न हमखास विचारते. प्रश्न साधा वाटतो. उत्तर मात्र तितके साधे नाही. बाळाच्या डोळ्यांत प्रकाश शिरतो आणि दृष्टिपटलावर प्रतिमा उमटते, एवढ्याने पाहण्याची क्रिया पूर्ण होत नाही. त्या प्रतिमेचा अर्थ लावणारा मेंदू अद्याप घडत असतो आणि त्याच्या घडणीला निसर्गाने मुदत घालून दिलेली असते. ही मुदत कशासाठी आणि ती टळली तर काय होते, याचा उलगडा गेल्या साठ-सत्तर वर्षांत मुख्यतः मांजर व माकड यांच्या मेंदूच्या अभ्यासातून झाला. वैद्यकीय व्यवसायाबाहेरच्या वाचकांनाही तो समजावा, कारण त्यात अनेक मुलांच्या दृष्टीचा प्रश्न गुंतलेला आहे, या हेतूने हा लेखनप्रपंच.

मेंदूतील नकाशा

माकडे, वानरे आणि मानव यांचा समावेश असलेला नरवानर गण हा प्रामुख्याने डोळ्यांवर जगणारा आहे. ऱ्हीसस माकडाच्या मेंदूच्या बाह्यकाचा, म्हणजे कॉर्टेक्सचा, जवळजवळ अर्धा भाग या ना त्या प्रकारे पाहण्याच्या कामी लागतो. फेलमन आणि व्हॅन एसेन या शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये या माकडाच्या मेंदूत दृष्टीशी संबंधित ३२ क्षेत्रे मांडून दाखवली. कोठे हालचालीचा वेध घेतला जातो, कोठे रंगाचा, कोठे चेहऱ्याचा. या सर्वांचे प्रवेशद्वार म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूला असलेले प्राथमिक दृष्टिक्षेत्र.

या क्षेत्रात बाह्य जगाचा अक्षरशः नकाशा असतो, हे मानवात प्रथम कळले ते एका युद्धामुळे. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात अनेक जपानी सैनिकांच्या कवटीतून बंदुकीची गोळी आरपार गेली आणि तरीही ते जगले. त्यांच्या दृष्टीची किती हानी झाली हे ठरवण्याचे काम तात्सुजी इनोये या नेत्रतज्ज्ञाकडे होते. गोळी कोठून शिरली, कोठून बाहेर पडली आणि दृष्टीचा कोणता भाग गेला, याचा मेळ घालून १९०९ मध्ये त्यांनी हा नकाशा प्रसिद्ध केला. हा नकाशा मात्र समप्रमाणात नाही. दृष्टिपटलाच्या केंद्रातील इवल्याशा बिंदूला, ज्याच्या आधारे आपण वाचतो आणि सुईत दोरा ओवतो, त्यात फार मोठी जागा मिळालेली असते.

या नकाशाचे बारकावे उलगडले डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टेन व्हीझल या जोडीने. १९५८ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेत, स्टीफन कुफ्लर यांच्या प्रयोगशाळेत, ते मांजरीच्या दृष्टिक्षेत्रातील एकेका पेशीचे विद्युत्-संकेत टिपत होते. प्रकाशाचे ठिपके दाखवून पेशी ढिम्म हलेना. एकदा काचपट्टी यंत्रात सरकवताना तिच्या कडेची पुसट सावली पडद्यावरून सरकली आणि पेशी एकदम तडतडू लागली. तिला ठिपका नको होता. तिला रेष हवी होती, तीही विशिष्ट कलाची. पुढे माकडांमध्ये दिसले, की एकाच कलाची रेष ओळखणाऱ्या पेशी एकावर एक रचलेल्या असतात आणि शेजारच्या रचनेतील पेशींना किंचित निराळा कल आवडतो. सुमारे एका मिलिमीटरच्या प्रवासात रेषेचे सर्व कल येऊन जातात.

याच क्षेत्रात दुसरीही एक रचना आढळली. दोन्ही डोळ्यांकडून येणारे तंतू थॅलॅमसमधील एका सहा थरी ठाण्यात थांबतात आणि तेथे प्रत्येक थर एकाच डोळ्याचे ऐकतो. तेथून निघालेले तंतू कॉर्टेक्सच्या चौथ्या थरात पोहोचतात, तेव्हाही ही वेगळीक टिकून असते. तेथे डाव्या आणि उजव्या डोळ्यांच्या सुमारे अर्धा मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या आळीपाळीने लागलेल्या असतात, जसे एकाच शेतात दोन पिकांचे पट्टे. त्यानंतरच्या थरांत दोन्ही डोळ्यांची माहिती एकत्र येते आणि खोली, अंतर यांचे ज्ञान शक्य होते. या संशोधनासाठी ह्यूबेल आणि व्हीझल यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वर्षीच्या पारितोषिकाचे तिसरे मानकरी होते रॉजर स्पेरी.

जन्मापूर्वीची मशागत

ही शेती केव्हा तयार होते? पास्को राकिच यांनी १९७४ मध्ये दाखवले, की ऱ्हीसस माकडाच्या १६५ दिवसांच्या गर्भकाळात दृष्टिक्षेत्रातील चेतापेशी साधारण ४५ व्या ते १०२ व्या दिवसांदरम्यान निर्माण होतात. मेंदूच्या पोकळीलगत जन्मलेली पेशी आधारतंतूच्या साहाय्याने वर चढत जाते. आधी जन्मलेल्या पेशी खालच्या थरात स्थिरावतात आणि नंतरच्या त्यांना ओलांडून वर जातात. म्हणजे इमारत आतून बाहेर उभी राहते आणि जन्माच्या कितीतरी आधी तिच्या विटा लागून झालेल्या असतात.

उरते ती जोडणी. १९७६ मध्ये राकिच यांनीच दाखवून दिले, की दोन डोळ्यांचे तंतू आरंभी एकमेकांत मिसळलेले असतात आणि जन्माच्या सुमारे तीन आठवडे आधी ते वेगळे होऊ लागतात. हॉर्टन आणि हॉकिंग यांनी १९९६ मध्ये प्रकाशाचा अनुभवच न मिळालेल्या नवजात माकडांतही जवळजवळ प्रौढांसारख्या पट्ट्या पाहिल्या. गर्भाच्या अंधारात पट्ट्या आखते कोण? याचा एक धागा १९९१ मध्ये फेरेट या लहान प्राण्यात सापडला. प्रकाश पोहोचण्याच्या आधीच दृष्टिपटलातील पेशी आपसात विद्युत्-लहरी उठवत असतात. एका डोळ्यातील शेजारच्या पेशी एकाच वेळी बोलतात आणि एकत्र बोलणाऱ्यांच्या जोडण्या पक्क्या होतात. डोळा उघडण्यापूर्वी चाललेली ही जणू पाहण्याची तालीमच.

जन्मानंतर जोडण्यांना उधाण येते. हटनलॉकर यांच्या अभ्यासानुसार मानवी दृष्टिक्षेत्रातील जोडण्यांची घनता वयाच्या आठव्या महिन्याच्या सुमारास सर्वाधिक असते. त्यानंतर छाटणी सुरू होते आणि अकराव्या वर्षापर्यंत त्यांतील सुमारे चाळीस टक्के जोडण्या गळून जातात. जे वापरात राहते ते टिकते. ‘उपजत की अनुभवजन्य’ या जुन्या वादाचे उत्तर दृष्टीच्या बाबतीत असे आहे: आखणी उपजत, परंतु ताबा वहिवाटीने.

बांध कोरला जातो तेव्हा

ही वहिवाट खंडित झाली तर? ह्यूबेल आणि व्हीझल यांनी प्रथम मांजरीच्या आणि पुढे माकडाच्या पिल्लांची एका डोळ्याची पापणी काही काळ शिवून ठेवली. नंतर ती उघडली तेव्हा डोळा निरोगी होता, दृष्टिपटल प्रकाशाला प्रतिसाद देत होते, तरी त्या डोळ्याने पिल्लाला जवळपास काहीच दिसत नव्हते. मेंदू तपासला असता बंद डोळ्याच्या पट्ट्या आक्रसलेल्या आणि उघड्या डोळ्याच्या पट्ट्या रुंदावलेल्या आढळल्या. प्रौढ माकडाचा डोळा दीर्घकाळ बंद ठेवूनही असे घडले नाही.

याहून महत्त्वाचे निरीक्षण पुढचे आहे. दोन्ही डोळे बंद ठेवले, तर दृष्टीची हानी होतेच. पण पट्ट्यांची वाटणी इतकी विस्कटत नाही. म्हणजे एका डोळ्याचा घात निव्वळ अंधाराने होत नाही. शेत पडीक दिसले की शेजाऱ्याने बांध कोरत यावे, तसा उघडा डोळा बंद डोळ्याच्या जमिनीत शिरतो. आणि अगदी कोवळ्या वयात बाजू पालटली, म्हणजे बंद डोळा उघडून दुसरा झाकला, तर गेलेली जमीन परत मिळू शकते. आळशी डोळ्याचा सारा उपचार या एका निष्कर्षावर उभा आहे.

मुक्या पिल्लांच्या पापण्या शिवल्या गेल्या, हे वाचताना आजही मन अस्वस्थ होते. त्या ज्ञानाचे मोल त्यांनी चुकते केलेले आहे. ते ज्ञान आपल्या बालकांच्या उपयोगी न आणणे हा त्या ऋणाचा अव्हेर ठरेल.

आपल्या मुलांसाठी याचा अर्थ

माकडाच्या पिल्लाच्या दृष्टीचा एक आठवडा म्हणजे मानवी बाळाचा साधारण एक महिना, असा ढोबळ हिशेब आहे. आपल्याला मिळालेली मुदत अधिक लांब आहे, पण तिच्या आरंभीचे आठवडे सर्वांत मोलाचे आहेत. एकाच डोळ्यात जन्मजात दाट मोतीबिंदू असेल, तर सुमारे सहा आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया झाल्यास उत्तम दृष्टीची शक्यता अधिक असते. दोन्ही डोळ्यांत असल्यास आठ ते दहा आठवड्यांच्या आत. पहिल्या मोठ्या लसीकरणाची भेटच सहाव्या आठवड्यात असते, हे ध्यानात घेतले म्हणजे तोवर वाट पाहणे का परवडणारे नाही, हे उमगेल. म्हणून प्रसूतिगृहातून घरी जाण्यापूर्वीच प्रत्येक बाळाची तपासणी व्हायला हवी. मंद उजेडाच्या खोलीत, हातभर अंतरावरून ऑफ्थॅल्मोस्कोपचा प्रकाश टाकला असता दोन्ही बाहुल्यांतून सारखीच तांबूस झळाळी दिसली पाहिजे. ती काळवंडलेली, पांढरी किंवा विषम असेल, तर नेत्रतज्ज्ञांकडे त्वरित पाठवावे. पांढरी झळाळी क्वचित दृष्टिपटलाच्या कर्करोगाचीही खूण असते. या तपासणीला मिनिटभरही लागत नाही.

गर्भवतीला झालेला रुबेला हे जन्मजात मोतीबिंदूचे एक कारण आहे, हे सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्ये दाखवले. २०१७ च्या फेब्रुवारीत आपल्या देशात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली, तेव्हा पहिल्या टप्प्यात आपले कर्नाटक आणि शेजारचे गोवा ही राज्ये होती. ती लस केवळ पुरळापासून नव्हे, तर पुढच्या पिढीच्या डोळ्यांसाठीही आहे, हे पालकांना सांगत राहिले पाहिजे.

मोतीबिंदू निदान दिसतो. तिरळेपणाही दिसतो, जरी ‘मोठा झाला की आपोआप सरळ होईल’ म्हणून त्याकडे काणाडोळा केला जात असला तरी. सर्वांत फसवा प्रकार तिसरा: दोन डोळ्यांच्या नंबरांतील तफावत. मूल एका चांगल्या डोळ्याच्या जोरावर धावते, खेळते, चित्रे काढते. कोणालाही शंका येत नाही. मेंदू मात्र अस्पष्ट प्रतिमा पाठवणाऱ्या डोळ्याची जमीन हळूहळू दुसऱ्याच्या नावे करत असतो. पुढे पंधराव्या-सोळाव्या वर्षी उत्तम चष्मा दिला, तरी बहुधा पूर्ण दृष्टी येत नाही. कारण तोवर उणीव डोळ्यातून मेंदूत गेलेली असते.

यावर चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी हा उपचार आहे. ‘चांगला डोळा झाकून तोही का बिघडवायचा?’ ही आजी-आजोबांची शंका अगदीच निराधार नाही. अतिरेक झाला तर चांगला डोळा मागे पडू शकतो. म्हणून पट्टी वैद्यकीय देखरेखीखालीच बांधायची असते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत तीन ते सात वर्षांच्या मुलांमधील मध्यम स्वरूपाच्या दोषाला रोज दोन तासांची पट्टी सहा तासांच्या पट्टीइतकीच उपयोगी ठरली. रोजचे दोन तास कोणत्याही घराला जमावेत.

दार पूर्ण बंद होते का?

मुदत उलटलेल्यांचे काय? येथे भारतातील एका कार्याचा उल्लेख आवश्यक आहे. एमआयटीचे प्राध्यापक पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’ने उत्तर भारतातील जन्मांध मुले शोधून दिल्लीत त्यांच्यावर शस्त्रक्रिया घडवून आणल्या आणि त्यांची दृष्टी कशी विकसित होते याचा अभ्यास केला. सतराव्या शतकात विल्यम मॉलिन्यू यांनी तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना विचारले होते, की स्पर्शाने घन आणि गोल ओळखणाऱ्या जन्मांधाला दृष्टी आली, तर तो त्या वस्तू नुसत्या पाहून ओळखेल काय? २०११ मध्ये ८ ते १७ वर्षे वयाच्या पाच मुलांनी याचे उत्तर दिले. शस्त्रक्रियेनंतर लगेच त्यांना हाताने चाचपलेली वस्तू डोळ्यांनी ओळखता आली नाही. पण काही दिवसांतच ती ओळखू लागली. दृष्टीची तीक्ष्णता कमीच राहते, तरी इतक्या उशिरा मिळालेली दृष्टीही कामी येते. तेव्हा ‘आता वय झाले, उपयोग नाही’ असे सांगून कोणत्याही मुलाला परत पाठवू नये. आणि नंतरही काही साधते म्हणून वेळेचे भान सोडू नये.

शेवटी एक सूचना. आपला डॉक्टरवर्ग आरोग्य शिबिरे नेमाने घेतो. त्यात बालवाडीतील तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी एक टेबल राखून ठेवावे आणि प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे तपासावा. त्याआधी घरीही एक गोष्ट करता येईल. खेळता खेळता मुलाचा एकेक डोळा तळहाताने झाकून पाहावा. एक डोळा झाकलेला चालतो, पण दुसरा झाकताच मूल हात झटकते किंवा रडते, असे वारंवार घडले, तर उघडा राहिलेला डोळा अधू असण्याची शक्यता आहे. मग शिबिराचीही वाट पाहू नये. त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.