दिवसाला 30 ग्रॅम

नवजात बाळांच्या डॉक्टरचा खरा भरवसा वजनकाट्यावर असतो. गळ्यात स्टेथोस्कोप असला तरी बाळाला घरी सोडायचे की ठेवून घ्यायचे, हे बऱ्याचदा काटा ठरवतो. जन्मताना 2500 ग्रॅमच्या आत भरलेले बाळ कमी वजनाचे, 1500 ग्रॅमच्या आतले अतिशय कमी वजनाचे. पहिल्या काही दिवसांत धडधाकट बाळाचेही वजन थोडे उतरते, साधारण दोन आठवड्यांत भरून येते आणि मग दिवसाला 20 ते 30 ग्रॅमने वाढत जाते. आईच्या दुधावरून घरात होणारे बहुतेक वाद या 30 ग्रॅमपाशी मिटू शकतात.

हुपरीला ग्रॅमचे मोल सांगावे लागत नाही. हातकणंगले तालुक्यातल्या या गावात पैंजण, वाळे, साखळ्या घडतात. कारागिराला चांदी तोलून मिळते आणि तोलूनच परत द्यावी लागते. बाळाच्या बाबतीत मात्र इथेही, चार गावांसारखाच, रडण्यावरून हिशेब होतो. बाळ रडले, म्हणजे दूध पुरत नाही; हा निकाल आई सोडून घरातले कोणीही देते. डॉक्टर आधी वाळे आणि करदोटा काढायला सांगतात, कारण काट्यावर दागिनाही ग्रॅमच भरतो. मग विचारतात, दिवसातून लघवी किती वेळा? पहिल्या आठवड्यानंतर सहा किंवा जास्त वेळा होत असेल आणि रोजचे 20-30 ग्रॅम वाढत असतील, तर दूध पुरते आहे.

वाढत नसतील तर बाळ अंगावर घेतलेले नीट पाहावे लागते. तोंड मोठे उघडले आहे का, हनुवटी स्तनाला टेकली आहे का, खालचा ओठ बाहेर वळला आहे का, गिळताना मध्येमध्ये थांबते का. फक्त स्तनाग्र तोंडात असेल तर आईला चिरा पडतात आणि बाळ उपाशी राहते. पकड सुधारली की औषधाची गरज सहसा उरत नाही. हे शिकवायला वेळ लागतो, आणि गर्दीच्या ओपीडीत नेमका वेळच नसतो. दुधाची पावडर लिहून द्यायला मिनिटही लागत नाही.

ज्या बाळाला ओढता येत नाही त्याच्यासाठी दूध हाताने काढतात. अंगठा आणि बोटे स्तनाग्राभोवतीच्या काळ्या भागाच्या कडेला इंग्रजी सी अक्षरासारखी ठेवायची, आधी छातीकडे दाबायचे, मग एकमेकांकडे, मग सोडायचे. ओढायचे नाही. पहिल्या दिवशी पिवळसर, दाट चीक थेंबाथेंबाने चमच्यात उतरतो. जेमतेम चमचाभर असतो, म्हणून आई खट्टू होते. पण पहिल्या दिवशीच्या बाळाला एका वेळी लागते तेच मुळी चमचा-दोन चमचे. मध चाटवण्याची चाल मात्र सोडलेलीच बरी: मधातून आलेल्या जंतूंनी तान्ह्या बाळाला बोटुलिझमसारखा घातक आजार होऊ शकतो.

जन्मानंतरच्या पहिल्या तासावर संशोधन बरेच झाले आहे. बाळाला आईच्या पोटावर उघडे ठेवले तर ते स्वतः सरकत स्तनापर्यंत पोचते, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी 1987 मध्ये नोंदवले. घानातल्या 2006 च्या अभ्यासानुसार सगळ्या बाळांना तासाभरात पाजले गेले तर नवजात मृत्यूंपैकी सुमारे 22 टक्के टळू शकतात. भारतात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 88.6 टक्के बाळंतपणे दवाखान्यात झालेली दिसतात, तासाभरात अंगावर घेतलेली बाळे मात्र 41.8 टक्केच. दवाखान्यापर्यंत आणलेल्या बाळाचा पहिला तास दवाखान्यातच निसटतो, याला घरच्यांना दोष देता येणार नाही.

ज्या बाळांना स्वतःच्या आईचे दूध मिळू शकत नाही त्यांच्यासाठी मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. दूध देणाऱ्या आईची एचआयव्ही, कावीळ बी आणि सिफिलिससाठी तपासणी होते, दूध 62.5 अंश सेल्सिअसला 30 मिनिटे तापवून झटकन थंड करतात आणि गोठवून ठेवतात. ते सर्वांत आधी 1500 ग्रॅमच्या आतल्या बाळांना मिळते. आतडे सडण्याचा जीवघेणा आजार या बाळांना पावडरच्या दुधावर जास्त होतो.

घरी गेलेल्या बाळामागे आशा कार्यकर्ती जाते: 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी, झोळीचा काटा घेऊन. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतल्या ‘सर्च’च्या प्रयोगाने हे शक्य असल्याचे दाखवले. गावातल्या बायकांना शिकवून तिथे नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी खाली आला; 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापले.

दुधाच्या डब्यांच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातीला 1992 च्या कायद्याने बंदी आहे. सहा महिने निव्वळ आईचे दूध, हा सल्ला सगळ्या आयांना एकच. त्यासाठी 2017 पासून नोकरदार आईला पहिल्या दोन मुलांच्या वेळी 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते. घरी बसून नगावर साखळ्या जोडणाऱ्या बाईला ती लागू नाही. तिचे काम थांबले की मजुरी थांबते.