फी कशावर ठरवायची?

मलकापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला पद्मश्री डॉ. वि. भि. कोलते यांचं नाव आहे. कोलते इथल्याच नरवेलचे. आयुष्यभर त्यांनी महानुभाव साहित्याचा ध्यास घेतला, नागपूर विद्यापीठाचं कुलगुरूपद भूषवलं, आणि १९७८ साली ‘लीळाचरित्रा’ची साक्षेपी आवृत्ती मराठीला दिली. मराठी घेऊन शिकणाऱ्या मुलाला आज घरातच विचारतात, ‘पुढे स्कोप काय?’ हाच स्कोप पाहून फी ठरवावी, ज्या शिक्षणातून पगार मोठा त्याची फी मोठी, असं म्हणणारेही पुष्कळ भेटतात. गेल्या चाळीस वर्षांकडे वळून पाहिलं की मला ते पटत नाही.

१९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडलं. त्याच वर्षी शेगावला गजानन महाराज संस्थानचं महाविद्यालय सुरू झालं. तोवर मलकापूरच्या मुलाला इंजिनिअर व्हायचं तर अमरावती किंवा नागपूर गाठावं लागे, आणि तिथल्या जागा मोजक्या. दार उघडलं तशी राज्यभर डोनेशनची चाल पडली. ज्या शाखेतून पैसा जास्त मिळेल असं वाटे, तिचं डोनेशन जास्त. म्हणजे स्कोपप्रमाणे दर आपण पूर्वीच अनुभवला आहे. तो कोणाला परवडला, हे सांगायला नको. १९८७ मध्ये कायद्याने त्यावर बंदी आणावी लागली.

१९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात उन्नीकृष्णन खटल्याचा निकाल आला. निम्म्या जागा फ्री, निम्म्या पेमेंट, आणि दोन्हीकडे गुणवत्ता यादी. ऐकायला न्याय्य, पण शहरातल्या चांगल्या शाळेतून, क्लास लावून आलेला मुलगा फ्री सीट घेई आणि मार्कांत थोडा मागे पडलेला खेड्यातला मुलगा पेमेंट सीटवर बसून त्याचाही खर्च उचली. २००२ च्या टी.एम.ए. पै निकालाने ही पद्धत मोडली आणि नफेखोरीला मनाई केली. पुढे फी ठरवायला निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती आली, २०१५ मध्ये राज्याचा कायदा आला. आता महाविद्यालयाचा प्रत्यक्ष खर्च पाहून फी ठरते. पगाराचा अंदाज त्यात कुठे नाही. हे बरंच झालं, असं मी म्हणेन.

का, ते डीएडने, म्हणजे शिक्षकीच्या पदविकेने शिकवलं. बारावीनंतर दोन वर्षं, मग शिक्षणसेवक, मग कायम. २००० नंतरच्या दशकात आपल्या भागात याहून खात्रीची वाट दुसरी नव्हती. जिल्ह्याजिल्ह्यांत डीएड कॉलेजं निघाली, लोकांनी वावर गहाण टाकून मुलं-मुली पाठवल्या. त्या वेळी स्कोप पाहून फी लावली असती, तर डीएडची फी चढीच निघाली असती. मग २ मे २०१२ च्या शासन निर्णयाने शिक्षकभरती थांबली, २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) आली, आणि हातात पदविका असलेली पोरं दुकानात, पतसंस्थेत, परत वावरात गेली. कॉलेजं एकेक करून बंद पडली. अभियांत्रिकीतही सिव्हिल-मेकॅनिकलच्या जागा पुढे रिकाम्या राहू लागल्या आणि सगळी गर्दी कॉम्प्युटरकडे वळली. ती गर्दी चार वर्षांनी कुठे असेल, हे आज प्रवेश देणाऱ्याला तरी कुठे माहीत आहे?

ऑस्ट्रेलियाने हा प्रयोग दोनदा केला, तोही उलटसुलट. १९९७ मध्ये कायद्याचं शिक्षण सर्वांत महाग गटात टाकलं. शिकवायला स्वस्त, पण वकिलांची कमाई मोठी म्हणून. २०२१ मध्ये नर्सिंग आणि शिक्षकी अभ्यासक्रम स्वस्त केले आणि मुलांनी तिकडे वळावं म्हणून इतिहासासारख्या विषयांची फी दुपटीहून वाढवली. मुलं फारशी वळली नाहीत. २०२४ मध्ये सरकारनेच नेमलेल्या समितीने ते धोरण फसल्याचं सांगितलं. ऑस्ट्रेलियाची एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे: १९८९ पासून तिथे फी नंतर, कमाई ठरावीक मर्यादेवर गेली की करातून कापली जाते. आपल्याकडे शैक्षणिक कर्जाचा हप्ता सवलतीची मुदत संपली की सुरू होतो, नोकरी लागो न लागो.

प्रवेशाच्या दिवसांत कॉलेजच्या खिडकीपाशी उभं राहिलं की खरी अडचण दिसते. जुलै-ऑगस्ट. बी-खताला पैसा गेलेला, पऱ्हाटी गुडघ्याएवढी, कापूस घरात यायला दिवाळी उजाडणार. बापाच्या हातात पावती असते. तीत शिक्षण शुल्क वेगळं, विकास शुल्क वेगळं. पोरीने कोणती ब्रँच घेतली आणि तिला पुढे किती पगार मिळेल, याने त्या दिवशीच्या रकमेत काही फरक पडत नाही.

म्हणून सवलत घराची ऐपत पाहून द्यावी, हा जुना ईबीसीचा (आर्थिकदृष्ट्या मागासांच्या सवलतीचा) विचारच मला बरोबर वाटतो. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं, तेही ऐपत पाहून. ब्रँच कोणती हे त्यात विचारत नाहीत. आता मुलांनाही निम्म्याऐवजी पूर्ण माफी मिळावी, विकास शुल्क आणि वसतिगृहाचा खर्च त्यात यावा, आणि महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून येणारे शिष्यवृत्तीचे पैसे शैक्षणिक वर्ष उलटायच्या आत खात्यात पडावेत.