होडीच्या इंजिनाचा आकडा

होडीच्या मागच्या फळीवर टांगलेले इंजिन तुम्ही पाहिले असेल. ते आडव्या खिळीभोवती बिजागरीसारखे फिरते. पुढे जाताना पंखा पाणी मागे लोटतो. प्रतिक्रियेने इंजिनाचा पाण्यातला भाग फळीकडेच दाबला जातो. खडक लागलाच, तर तो मागे-वर उचलला जाऊन बहुधा वाचतो. होडी मागे घेताना मात्र जोर उलटतो. अडवले नाही, तर पंखा पाण्याबाहेर येऊन नुसताच गरगरेल! म्हणून इंजिनाला जखडणारा आकडा असतो. बऱ्याच इंजिनांत तो रिव्हर्स गिअर टाकताच अडकतो. काहींत हाताने लावतात. तो काढायचा राहिला आणि वेगात पुढे जाताना खडक लागला, तर इंजिन तरी मोडते, नाहीतर फळी. किनाऱ्याला इंजिन वर उचलेना, तर जोर लावण्याआधी गिअर पाहा.