‘तेंद्रा’ म्हणजे ‘असेल’

भोपाळचे चार इमली म्हणजे सरकारी अधिकाऱ्यांच्या बंगल्यांची वसाहत. तेथील एखाद्या मराठी कुटुंबातील मुलगी शिक्षणासाठी मेक्सिकोला निघाली आहे, अशी कल्पना करावी. तिने जेथे खोली ठरविली, त्या घरून पत्र येते: ‘ला बेसीना तेंद्रा ला याबे.’ बेसीना म्हणजे शेजारीण, याबे म्हणजे किल्ली. ‘तेंद्रा’ हे ‘तेनेर’, म्हणजे जवळ असणे, या नित्याच्या क्रियापदाचे भविष्यकाळी रूप. किल्ली शेजारणीकडे ठेवण्याची व्यवस्था झाली, असे समजून मुलगी निश्चिंत होते. तिने इतक्यात निश्चिंत होऊ नये.

प्रथम या रूपाची घडण पाहावी. मूळ क्रियापदाला ‘आबेर’ या सहायक क्रियापदाची वर्तमानकाळी रूपे जोडून स्पॅनिश भविष्यकाळ बनला. आन्तोनिओ दे नेब्रिहा याच्या 1492 सालच्या व्याकरणातही ही गोष्ट नमूद आहे. पुढे ‘तेनेर’मधील दुसरा एकार गळाला, ‘न’ व ‘र’ शेजारी आले आणि उच्चार सुलभ व्हावा म्हणून मध्ये ‘द’ शिरला. ‘वानर’चे बोलीत ‘वांदर’ झाले ते याच रीतीने. त्यामुळे माझ्याजवळ असेल याला ‘तेंद्रे’, तुझ्याजवळ ‘तेंद्रास’, त्याच्याजवळ किंवा तिच्याजवळ ‘तेंद्रा’, आमच्याजवळ ‘तेंद्रेमोस’ आणि त्यांच्याजवळ ‘तेंद्रान’ अशी रूपे होतात. स्पेनमध्ये ‘तुम्हा लोकांजवळ’ यासाठी ‘तेंद्रेइस’ हे आणखी एक रूप आहे.

मराठी विद्यार्थ्याने येथे एक सावधगिरी बाळगावी. ‘माझ्याजवळ दोन किल्ल्या असतील’ या वाक्यात आपले क्रियापद किल्ल्यांच्या मागे जाते. स्पॅनिश क्रियापद मालकाच्या मागे जाते. किल्ली एक असो वा दहा, ‘मी’ला ‘तेंद्रे’च हवे. उलट, लिंगाची चिंता मुळीच नको. भोपाळच्या बाजारात हिंदी बोलताना ‘होगा’ आणि ‘होगी’ वेगळे ठेवावे लागतात. ‘तेंद्रा’ मात्र आपल्या ‘असेल’प्रमाणे स्त्री-पुरुष दोघांनाही चालते.

आता पुन्हा पत्राकडे वळू. ‘बाबा आता कचेरीत असतील,’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात भविष्य कोठे असते? ‘आता’ हा शब्दच वर्तमानकाळ दाखवितो. ‘असतील’ने व्यक्त होतो तो केवळ तर्क. ‘तेंद्रा’चाही असाच उपयोग होतो. ‘तेंद्रा बेइंते आन्योस’ म्हणजे तिचे वय वीस वर्षे असेल, असा अंदाज. तेव्हा पत्रातील वाक्याचे अर्थ दोन: ‘तुम्ही याल तेव्हा किल्ली शेजारणीकडे असेल’ हे आश्वासन, किंवा ‘किल्ली बहुधा शेजारणीकडे असेल’ ही अटकळ. सोबत ‘एस्ता नोचे’, म्हणजे आज रात्री, असे काही असते, तर पारडे भविष्याकडे झुकले असते. तसा कालवाचक शब्द नसेल, तर संदर्भावरूनच निर्णय करावा लागतो.

म्हणून त्या मुलीने उलट टपाली साध्या वर्तमानकाळात विचारावे: ‘तिएने ला याबे ला बेसीना?’ शेजारणीकडे किल्ली आहे ना? ‘सी, ला तिएने’, म्हणजे ‘होय, आहे’, असे उत्तर आले की खुशाल प्रस्थान ठेवावे. परक्या शहरात, मध्यरात्री, बंद दारापुढे उभे राहण्याची वेळ आली, म्हणजे ‘आहे’ आणि ‘असेल’ यांतील अंतर कोणालाही समजते. ते आधीच समजून घेणे हाच व्याकरणाचा खरा उपयोग होय.